नावं पुसलेले फोटो

आभाळ जरा गडगडलं की बहिरूकाका धावत जाऊन मेन स्विच पाडायचे. एकदा विजेच्या कडकडाटात त्यांची विहिरीवरची मोटर जळाली, तेव्हापासूनची ही खोड. भूगावात खाली त्यांचं घर, गच्चीवर माझी भाड्याची खोली, आणि मेन दोघांत एकच. शंभरदा सांगितलं, काका, माझा कॉम्प्युटर चालू असतो, आधी हाक मारत जा. पालथ्या घड्यावर पाणी.

२००७ च्या ऑक्टोबरात त्यांनी असाच मेन पाडला, तेव्हा डिस्कवर नेमकं काहीतरी लिहिलं जात होतं. वीज आली, पण कॉम्प्युटर काही उठेना. माझं डोकंच फिरलं. भांडायला तरातरा खाली उतरलो, तर काका ओट्यावर एकटेच. उन्हाळ्यात लीलाकाकू गेल्या, तेव्हापासून ते तसेच बसून असत.

"गेलं सगळं कॉम्प्युटरमधलं," मी म्हणालो. "कामं, गाणी, फोटो."

काका उठून उभे राहिले. "आन् तिचा फोटू?"

माझा राग तिथंच विरला. फोटोनं आयुष्य घटतं म्हणून काकूंनी जन्मात फोटो काढू दिला नव्हता. लग्नातल्या फोटोतही पदर नाकापर्यंत. एकदा मी गच्चीवर नवा कॅमेरा चाचपत असताना त्या ओरडत वर आल्या आणि माझ्याकडून बटण दाबलं गेलं, तेवढा एकच. वर्षश्राद्धाला तोच मोठा करून भिंतीवर लावायचं आमचं ठरलं होतं. कॅमेऱ्यातून तो केव्हाच पुसला होता.

उरवड्याच्या कारखान्यातले कॉम्प्युटर सांभाळणं हेच माझं पोट. डिस्क तिथल्या मशिनला जोडून पाहिली. डिस्क धडधाकट होती. फाटली होती तिची अनुक्रमणिका, म्हणजे कुठली फाइल कुठं ठेवलीय याची नोंद. अशा वेळी लोक घाईनं दुरुस्तीची कमांड देतात आणि उरलंसुरलंही घालवून बसतात. मी आधी अख्खी डिस्क दुसरीवर उतरवून घेतली आणि त्या नकलेवर हात चालवला. अनुक्रमणिका काही जुळेना. मग तिचा नाद सोडला आणि डिस्कचा कोपरान् कोपरा चाळून काढला. फोटो निघाले, ढिगानं निघाले, पण नावं, तारखा, फोल्डर सगळं पुसलेलं. नुसते आकडे. काही तर अर्धेच, खाली राखाडी पट्टा.

माझ्या कॉम्प्युटरला दुसरी डिस्क बसवून ते सगळे खोलीवर आणले. एकेक उघडून बघण्यावाचून इलाज नव्हता. काका रोज संध्याकाळी वर यायला लागले. मी मुळात तुसडा, त्या खोलीत तोवर दुसरं माणूस बसलंच नव्हतं. खुर्ची एकच होती, ती त्यांना दिली आणि मी कॉटवर बसून माऊस चालवू लागलो.

"ही कोण?"

"बहीण माझी. परभणीला असते."

"येती का हिकडं?"

"नाही. आईमागं घर विकण्यावरून वाजलं आमचं. तेव्हापासून बोलणं नाही."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. विचारलंच नव्हतं कुणी.

असे बरेच दिवस गेले आणि एका संध्याकाळी काकू सापडल्या. कमरेखाली राखाडी, पण वर सगळं शाबूत: भुवया चढलेल्या, तोंड उघडं, हात उगारलेला. काका स्क्रीनला नाक लावून बघत राहिले.

"कशापायी चिडली हाय?"

"कुरडया वाळत होत्या. त्यांच्यावर मी टॉवेल झटकला."

"मंग बराबर हाय तिचं," काका म्हणाले. हसले, आणि हसता हसता धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागले. मलाही भरून आलं.

फोटो मी तीन ठिकाणी जपून ठेवला. काम झालं होतं. उद्यापासून जिन्यावर त्यांच्या वहाणा वाजणार नाहीत हे एकदम लक्षात आलं. तरी मशिन बंद करायला मी हात पुढं केला.

काका खुर्चीतून हलले नाहीत. "अजून किती ऱ्हायलेत?"

"पुष्कळ. पण काकू सापडल्या की."

"सापडली. पर आता खाली जाऊन मी काय करू, वाल्मीक? दाव म्होरला."

मी पुढचा उघडला.