‘अचानक’ला बंदी

साहित्य माणसाला पाहायला शिकवतं. हे वाक्य सरांनी शाळेच्या वरच्या मजल्यावर, शनिवारच्या कथालेखनाच्या वर्गात इतक्यांदा म्हटलं होतं, की मागच्या बाकावरची मुलं त्यांच्याबरोबर नुसते ओठ हलवत. सरांच्या नावावर एकच कथासंग्रह होता. मेहुणा तो सहा वर्षांपासून ‘वाचतोय, वाचतोय’ म्हणत होता.

वर्गाचा नियम एकच. गोष्टीत ‘अचानक’ हा शब्द येता कामा नये. “अचानक काही होत नसतं रे,” सर सांगत. “चाहूल लागलेली असते. लेखकाचं लक्ष हवं.” यावरून मुलांनी त्यांना ‘अचानक सर’ म्हणायला सुरुवात केली होती. अख्ख्या शाळेला ते माहीत होतं. सरांना नव्हतं.

आज मुख्याध्यापिकाबाई वर्ग पाहायला येणार होत्या. वर्ग पुढे चालू ठेवायचा की नाही ते त्यानंतर ठरेल, असा सरांचा समज होता. आठवडाभर ते गणिताचे मास्तर, शनिवारी तेवढे लेखक. म्हणून आज इस्त्रीचा सदरा घातला होता, आणि “कुणाचं लग्नबिग्न आहे का?” हा बायकोचा प्रश्नही मुकाट्याने गिळला होता.

बाई दाराशी खुर्ची ओढून बसल्या. सरांनी नेहमीप्रमाणे पिशवी कोपऱ्यातल्या खोक्यांच्या चळतीवर ठेवली.

“हं, कोण वाचतंय?”

जाड चष्म्याची मुलगी उठली. “राजवाड्यात सगळे गाढ झोपले होते. एकाएकी...”

“एकाएकी नको.”

“अकस्मात?”

“तो अचानकचा थोरला भाऊ.”

“अवचित?”

“ती त्यांची मावशी.”

“मग राक्षस यायचा तरी कसा, सर?”

“आधी चाहूल दे. दार कुरकुरू दे, कुत्रं गुरगुरू दे.”

“मग राजा पळून नाही का जाणार?”

वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या. मैदान मारलं, असं सरांना वाटलं.

“राजाचं लक्षच नसतं,” ते ऐटीत म्हणाले. “म्हणून तर गोष्ट होते!”

तास संपल्यावर बाई उठल्या. “छान रंगवलात हो. म्हणूनच सांगायला जड जातंय. पुढच्या सत्रापासून ही खोली बुद्धिबळाच्या वर्गाला दिलीय.”

“अशी अचानक?” सरांच्या तोंडून निघून गेलं.

“सर, शब्द!” अख्खा वर्ग ओरडला.

चष्मेवाली तेवढी गंभीर होती. “अचानक नाही, सर. सहामाहीनंतर पट आले. मग घड्याळं आली. मागच्या शनिवारी दारावर घोडा लागला.”

सरांनी दाराकडे पाहिलं. घोडा होता. तो आपल्याच वर्गासाठी, कल्पनेची दौड वगैरे दाखवायला लावलाय, अशा समजुतीने त्यांनी गेल्या शनिवारी शिपायाची पाठ थोपटली होती.

“आणि तुम्ही पिशवी ठेवता ना, ती खोकी...”

सरांनी पिशवी उचलली. खाली ठळक अक्षरांत ‘बुद्धिबळ’ असं छापलेलं होतं.

“अगं, मग मला कुणी सांगितलं का नाही?”

“आम्हाला वाटलं, तुम्ही पाहिलं असणार. तुम्ही तेच तर शिकवता.”

नव्या सत्रात बुद्धिबळाच्या वर्गाला पहिल्याच दिवशी अकरा मुलं आली. सगळी सरांचीच होती.