पाच टाके

साबणाच्या वडीत दोनच सुया होत्या.

सुई कापडातून सरसर जावी म्हणून मी सुया साबणाच्या जुन्या वडीत टोचून ठेवते आणि हातातलं काम संपलं की मोजते. लेकरू रांगायला लागल्यापासूनची सवय. सकाळी तीन होत्या.

"आत्याबाई, तिसरी सुई कुणी घेतली?"

सासूबाई चुलीपुढे पोहे निवडत होत्या. "दिवेलागणीला सुईचं नाव काढू न्हाई बाई. पाव्हणे येऊन राहिले."

घरातले देव कयाधू नदीत सोडून बौद्ध झाल्याला या माणसांना वीस वर्षं होत आली. सुईची भीती तेवढी सोडायची राहिली.

"नाव नाही काढत. पण बाळी सापडेल ते तोंडात घालते."

"मंग धरून बस तिला. इतकी शिकलेली तू, एक लेकरू सांभाळंना?"

माझं बी.ए. त्यांना अशाच वेळी आठवतं.

बाळीला काखेत मारून मी सतरंजी झटकली, गोधड्या झटकल्या, सारवलेल्या जमिनीवरून तळवा फिरवला. तिच्या मुठी उघडल्या, तोंडात बोट घातलं. ती कडकडून चावली. बरं वाटलं. नुसतं चावलं, टोचलं नाही.

"कमल, तू घेतलीस का गं?"

माझी नणंद आरशापुढे वेणीला रिबीन बांधत होती. तिनं आधी आईकडे पाहिलं आणि मग म्हणाली, "न्हाई वैनी."

तिला पाहायला हिंगोलीहून माणसं येणार होती. दुपारची मोटार चुकली म्हणून संध्याकाळच्या मोटारीनं. मुलगा पोस्टात. 'पोरगी भरतकाम जाणणारी पाहिजे,' असा मुलाच्या आईचा निरोप होता. कमलला बटण लावता येत नाही. मग माझ्या पेटीतून माझा टेबलक्लॉथ निघाला. पांढऱ्या दसुतीच्या कापडावर फुल्याफुल्यांच्या टाक्याचे मोर, कडेनं हिरवी वेल. होस्टेलवर सुरू केलेला, आणि बाळी झोपली की घेऊन बसून बसून पुरा केलेला. आमच्या घरात टेबल नाही. आधी बी.एड., मग नोकरी, मग टेबल, असं मी मनाशी लावून ठेवलं होतं. टेबलक्लॉथ मात्र आधीच तयार.

टेबल माझ्या नवऱ्यानं आणलं. जळबा गुरुजी म्हणतात ह्यांना गावात. शाळेतलं टेबल सायकलला बांधून आणलं, उलटं, पाय वर करून. ते माझ्या कापडाखाली झाकलं गेलं आणि कापड कमलच्या नावावर लागलं. मी बोलले नाही, कारण कमलचं उरकलं की मला बी.एड.ला नांदेडला पाठवायचं ह्यांनी कबूल केलं होतं.

"अहो, सुई सापडत नाही. टेबलक्लॉथ एकदा काढून झटकू का?"

"आता? मोटार आली बघ. पाव्हणे जाऊ दे, मग शोधू सावकाश."

"तोवर?"

"तोवर काही होत नाही."

काही होत नाही, हे म्हणायला बापांना काय लागतं?

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. मी पोहे नेऊन दिले आणि चहासाठी आत आले. मुलाच्या आईनं मोरावरून बोटं फिरवली. "बारीक काम हाय. तुझंच का बाई?"

कमलनं मान खाली घातली.

"पोरीचाच हात लागलेला हाय त्याला," सासूबाई म्हणाल्या.

"मोर असा भरलाय," मामा म्हणाले, "की बशी सांभाळा, न्हाई तर पोह्यात चोच घालंल."

सगळे हसले. हे सगळ्यांत मोठ्यानं.

चहा गाळायला म्हणून मी बाळीला खाली ठेवलं होतं. ट्रे घेऊन दारात आले, तर ती टेबलाखाली. कापडाचा लोंबता कोपरा तिच्यापुढे, आणि कोपऱ्यातल्या हिरव्या पानातून लाल दोरा खाली आलेला. पानात मी लाल कधी घातला नव्हता.

बाळीनं दोरा मुठीत धरला आणि कोपरा तोंडात घेतला.

ट्रे मी जमिनीवर कसा ठेवला, आठवत नाही. तिला ओढलं, तर मूठ सोडेना. तोंडातून कोपरा काढला. दोऱ्याचं दुसरं टोक दिसेना. ते कापडात होतं की तिच्या घशात?

"धरा," मी म्हणाले आणि पोह्यांच्या बशा मामांच्या हातात दिल्या. पाण्याचा तांब्या त्या मुलाच्या हातात. कंदील ह्यांच्या.

"अगं, काय करतेस?"

"धरा म्हणते ना."

ह्यांच्याशी मी त्या आवाजात कधी बोलले नव्हते. ह्यांनी कंदील धरला. मी कापड ओढून काढलं आणि बाळीला मांडीत दाबून काठाची दुमड चिमटीनं चाचपत गेले. सुई होती. दुमडीत आडवी खुपसलेली, दोऱ्यासकट. शेजारी पानावर पाच लाल टाके, वाकडे, एकाचं तोंड इकडे, एकाचं तिकडे.

बाळीचं तोंड मी कंदिलापुढे उघडून पाहिलं. जीभ, हिरड्या, टाळू. काही नव्हतं. ती रडत होती.

बाकी सगळे टेबलाकडे बघत होते. शाईचे डाग, कर्कटकानं कोरलेलं कुणा पोरीचं नाव, आणि पांढऱ्या रंगात ठळक: कन्या शाळा, टेबल नं. ४.

"पोरीनं भरलं म्हणलात ना तुमी?" मुलाच्या आईनं माझ्या हातातले वाकडे टाके बघत विचारलं.

"रोज सकाळी पंचशील म्हणतो आमी," सासूबाई म्हणाल्या. "खोटं कसं बोलावं? म्हून दुपारी पोरीला म्हणलं, पाच टाके तरी तुझ्या हातचे घाल. घातले तिनं पाच."

"दुपारची मोटार वाजली म्हून सुई तशीच खुपसली, वैनी," कमल हुंदका देत म्हणाली.

"आणि मी विचारलं तेव्हा?"

कमलनं परत आईकडे पाहिलं. मुलाची आई उठली. जाताना कमलकडे तिनं पाहिलं नाही. मला म्हणाली, "लेकराचं तोंड दिवसाउजेडी अजून एकदा बघा." आणि ह्यांना, "कळवतो आमी." चहा तसाच ट्रेमध्ये राहिला.

"पाव्हण्यांपुढं इज्जत घालवलीस," सासूबाई म्हणाल्या. "हळूच उचलता आलं नसतं लेकरू?"

"हळूच विचारलं होतं, आत्याबाई. दोनदा."

ह्यांनी कंदील खुंटीला अडकवला. "आता कमलचं जमेपर्यंत तुझं नांदेड राहिलं," एवढंच म्हणाले.

सकाळी टेबल शाळेत परत गेलं. सारवलेल्या जमिनीत त्याच्या चार पायांचे चार खड्डे राहिले. सासूबाई शेणाचा पोतेरा फिरवून ते बुजवत होत्या आणि रोजच्यासारखं पंचशील म्हणत होत्या. चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलाशी आवाज अडकला. मग पुढे गेला.

कमल टेबलक्लॉथ घेऊन माझ्यापुढे बसली. "वैनी, माझे टाके उसवू का?"

"हात लावू नकोस."

मी कापड तिच्याकडून घेतलं. पाच वाकडे लाल टाके वर येतील अशी घडी घातली आणि पेटीत सगळ्यांत वर ठेवली.