होपफुली

"बाई, घाबरू नका! होपफुली पाच मिनिटांत बाहेर काढतो!"

दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टमधून आवाज आला. तोही चांगलाच चढलेला. "होपफुली? म्हणजे तुमचीच खात्री नाही?"

आत होत्या इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या बाई. बाहेर दाराच्या फटीला तोंड लावून लिफ्टचा मिस्त्री बसला होता.

"असं कसं, बाई? होप आहे आणि वर फुल आहे! खात्रीच की!"

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? शब्दच बोलतोय."

अशा वेळी दुसऱ्या कुणी देवाचा धावा केला असता. बाईंनी व्याकरण काढलं. "नीट ऐका. होपफुली म्हणजे तसं व्हावं अशी आशा आहे. होईलच असं नाही. खात्री असली तर हा शब्द लागतच नाही. आता वाक्यात उपयोग करून दाखवा."

मिस्त्रीला एकच वाक्य आठवलं. काल बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले होते, "होपफुली दिसेल." एवढ्यावर गडी हवेत! अख्ख्या वॉर्डाला त्याने चहा पाजला, बायकोला सांगितलं, "डॉक्टरांनी फुल गॅरंटी दिलीय!" आज पट्टी निघायची होती. आणि आता त्या शब्दाच्या शेवटी त्याला ठसठशीत फुली दिसू लागली.

"अहो मिस्त्री! गेलात की काय?"

"आहे, बाई. डॉक्टर म्हणाले तरी अर्थ हाच?"

बाईंचा आवाज उतरला. "कोणाला म्हणाले?"

"घरच्यांचं ऑपरेशन झालंय. डोळ्याचं."

"मग मला काढा आणि पळा," बाई हळूच म्हणाल्या. "वाक्य राहू द्या."

त्याने वर जाऊन हाताने लिफ्टच्या मशीनचं चाक फिरवलं, बाईंना मजल्यावर उतरवलं आणि तडक दवाखाना गाठला. पट्टी निघाली होती. बायको चांगल्या डोळ्यावर तळहात ठेवून दुसऱ्या डोळ्याने खिडकीकडे बघत होती.

"दिसतंय?"

"उजेड दिसतोय. त्यात काहीतरी हलतंय, ते तुम्ही असाल."

"एवढंच?"

"या डोळ्याला एवढंच दिसणार, म्हणाले डॉक्टर."

तो स्टुलावर बसला. "माझंच चुकलं गं. मला वाटलं, होपफुली म्हणजे..."

"मला ठाऊक होतं. डॉक्टर खरं काय म्हणाले, ते मी कालच नर्सला विचारलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही वॉर्डभर चहा वाटत सुटला होतात. कुठल्या तोंडाने सांगणार? आणि चहाही झकास होता."

त्याला हसू आलं. मग डोळे पुसायला तो उठून खिडकीपाशी गेला.

"अहो," मागून बायको म्हणाली, "जरा बाजूला व्हा की. माझा उजेड अडवलात."

तो मुकाट्याने सरकला. तिने पुन्हा चांगल्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि बघत राहिली.