झारीबापूंचा रुमाल

देवळाच्या ओट्यासमोर सगळी घडियाळी पोळ, म्हणजे आमची अख्खी गल्ली, जमली होती. नाकातोंडाला फडकी बांधलेली, एकमेकांपासून अंग चोरून उभी, पण हलायला कोणी तयार नव्हतं. ओट्यावर झारीबापू बसले होते. डाव्या हातात तांब्याची झारी, उजव्या हातात पांढरा रुमाल. झारीतल्या पाण्याने रुमाल भिजवायचा, समोरच्याची बोटं पुसायची आणि रुमाल उंच धरायचा. पांढरा राहिला तर माणूस शुद्ध. लाल झाला तर त्या हातांत रोग, आणि त्या हातचं अन्न विष.

चौऱ्याण्णवचा पितृपक्ष होता तो. सुरतेत प्लेग आला होता आणि बडोद्यात त्याच्या आधी त्याची भीती पोचली होती. म्युनिसिपालिटीची रिक्षा भोंग्यावरून सांगत फिरायची की पाणी उकळून प्या, अन्न झाकून ठेवा, हात साबणाने धुवा. झारीबापूंना ती रिक्षा सहन होत नसे. उकळलेलं पाणी म्हणजे मेलेलं पाणी, असं ते म्हणायचे. देवळातल्या हंड्यात त्यांनी मंत्र घातलेलं जळ ठेवलं होतं. लोक त्यात आपापले तांबे बुडवून घरी न्यायचे. घरी न्या, मुलाबाळांना द्या, पण चुलीवर ठेवाल तर त्याचं तेज जाईल.

"डॉक्टर छातीला नळी लावतो," बापू सांगत होते. "नळी चुकते. हाथ जूठुं नथी बोलता, बेन." हात खोटं बोलत नाहीत.

पुरुषांच्या बोटांना रुमाल पांढरा राहत होता. बायकांच्या बोटांना बहुतेक लाल. बापूंकडे त्याचंही उत्तर होतं: रोग घरात शिरतो तो बाईच्या हातून. पेन्शनीतले मोहनराव मोठ्याने म्हणाले की हे तर आपण पहिल्यापासून सांगत आलो. दहा-बारा पुरुषांनी माना हलवल्या. ज्यांच्या बोटांनी रुमाल लाल केला त्या बायका शिधा ठेवून, जळाने हात धुवून, मान खाली घालून बाजूला होत होत्या.

माझी पाळी आली. त्या दिवशी एकादशी होती. रुमाल पांढरा राहिला. बापूंनी तो दोनदा फिरवून दाखवला आणि मला ओट्यावर बसायला सांगितलं. "जुओ, व्रताचं तेज. कांचनबेनच्या हातचं साक्षात अमृत." मी बसले. बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

माझ्यानंतर शेजारच्या वसुंधराबाईंनी त्यांच्या सुनेला, नयनाला, दंडाला धरून पुढे आणलं. ती फोडणी टाकत होती, तशीच चुलीपुढून उठवून आणली होती. नयनाचं माहेर सुरतेचं. बाळंतपण करून, पाच महिन्यांच्या कुशलला घेऊन ती परत आली होती ती साथ सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी. तिला ना ताप ना खोकला. हे सगळ्या पोळीला माहीत होतं.

रुमाल रक्तासारखा लाल झाला.

बापू मागे सरकले. हिचा हात लेकराला लागू देऊ नका, हिचं दूध पाजू नका, अमावास्येपर्यंत कोंडून ठेवा. नयनाचा नवरा विश्वास कोयलीच्या रिफायनरीत नोकरीला होता, यंत्रांतलं सगळं कळणारा मुलगा. तो बायकोच्या बोटांकडे बघत राहिला आणि त्याने मूल तिच्या कडेवरून काढून आईच्या हातात दिलं.

नयनाला माळ्यावर कोंडलं. जेवणाची पत्रावळ काठीने आत ढकलायचे. खाली कुशलला म्हशीचं दूध पाजत, अर्धं दूध आणि अर्धं देवळातलं जळ. तो रडायला लागला की माळ्यावर तिला पान्हा फुटायचा. खिडकीशी ती उभी राहायची तेव्हा पदर ओला दिसायचा. पोळीतल्या बायका खालून तो ओला पदर बघायच्या आणि पाठ फिरल्यावर हसायच्या.

"आई, मला खाली घेऊ नका," ती खिडकीतून म्हणाली. "पण त्याचं पाणी उकळा. बाटली उकळा. तेवढं करा."

"सुरतेचं शहाणपण सुरतेला ठेव," असं म्हणत वसुंधराबाईंनी माळ्यावर जाऊन दारातूनच काठीने खिडकीही बंद केली.

दुसऱ्या दिवशी द्वादशी. पारण्याचा पूर्ण स्वयंपाक केला, वरण, भाजी, कढी. दुपारी धुणं काढलं. ज्या पंच्याला मी हात पुसले होते त्यावर पिवळी बोटं उमटली होती. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तो टाकला आणि ती बोटं लाल झाली.

तीस वर्षं मी हे पाहत होते. पोळीतली प्रत्येक बाई पाहत होती. हळदीच्या डागाला सोडा लागला की तो लाल होतो. उपासाला हळद चालत नाही. एकादशीला आम्ही नवरा-बायकोने वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी खाल्ली होती, पूजेतही गंध आणि तुळसच. माझ्या बोटांना हळद नव्हती, एवढंच ते तेज. पुरुष स्वयंपाकघरात जात नाहीत, म्हणून ते शुद्ध. जिने सगळ्यांसाठी रांधलं तीच रोगी.

हे मला द्वादशीला दुपारी कळलं. त्रयोदशीच्या संध्याकाळी बापू माझ्या हातून आरती करवणार होते. मी आरती केली. त्या दिवशी भिंतीपलीकडून कुशलचं रडणं सकाळी मोठं होतं, संध्याकाळी बारीक. त्याला जुलाब लागल्याचं कानावर आलं. वसुंधराबाईंनी जळ वाढवलं.

चतुर्दशीला सकाळी मी स्वयंपाक करून, हात न धुता देवळात गेले. गर्दी होतीच. मला पाहून बापूंनी जागा करायला सांगितली.

"बापू, माझे हात पुन्हा बघा."

"तमे तो शुद्ध छो, बेन."

"तरी बघा."

रुमाल लाल झाला. बापू म्हणाले की व्रतात काही चूक झाली असेल. मी पिशवीतून धुतलेला पांढरा पंचा काढला आणि बाटलीत आणलेलं सोड्याचं पाणी त्यावर ओतलं. देवीपुढच्या करंड्यातली हळद बापूंच्या बोटाला लावली. ते हात मागे घेत होते. मी सोडला नाही. बोट पंच्यावर पुसलं. लालभडक रेघ उमटली.

"बापूंनाही प्लेग झाला वाटतं," मागून एक बाई शांतपणे म्हणाली. एकादशीला तिच्याही बोटांना रुमाल लाल झाला होता.

मग एकेक जण पुढे येऊन करून बघू लागला. मोहनरावांनी हळद लावून बोट पुसलं आणि लाल बोटाकडे बघत राहिले. तेवढ्यात बापू मागच्या दाराने गेले. झारी राहिली. ती उलटी केली तर बुडाशी न विरघळलेला सोडा होता. हंड्यात हात घातला तर तळाला शेवाळ.

गर्दीतला विश्वास धावत घरी गेला. मी मागोमाग. माळ्याचं दार उघडल्यावर नयनाने खाली येऊन मूल उचललं. टाळू खोल गेली होती, रडताना डोळ्यांत पाणी येत नव्हतं. त्याला दूध ओढायची ताकद उरली नव्हती. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं की पाणी कुठलं पाजलं, मीठ-साखरेचं पाणी का दिलं नाही, आईचं दूध कोणी तोडलं. दुपारी चारला तो गेला. प्लेगने नव्हे. बडोद्याच्या त्या पोळीत प्लेग आलाच नव्हता.

तेराव्या दिवशी नयना सुरतेला निघाली. साथीच्या गावी एकटीच. मी जिन्यात भेटले.

"तुम्हाला कधी कळलं, काकू?"

खोटं बोलता आलं असतं. "द्वादशीला."

तिने बोटांवर दिवस मोजले. "द्वादशीला तो हसत होता, मला वर ऐकू येत होतं," ती म्हणाली आणि खाली उतरली.

मी आजही एकादशी करते. देवाने मला फसवलं नव्हतं. मी दोन दिवस गप्प राहिले, म्हणून हे सांगायचा मला हक्क नाही, पण सांगते. साथ येते तेव्हा पाणी उकळा, बाटली उकळा, हात साबणाने धुवा, जुलाब झालेल्या बाळाला मीठ-साखरेचं पाणी द्या आणि त्याला आईपासून तोडायला डॉक्टरखेरीज कोणी सांगितलं तर त्याला हाकलून द्या. एखाद्या माणसाला विटाळलेला ठरवणारा चमत्कार कोणी दाखवला, तर तो आपल्या हाताने घरी करून बघा. आणि खरं काय ते कळलं, तर त्याच दिवशी बोला.