फाटकाच्या आत

फाटकासमोर आडवी लावलेली गाडी लेन हुस्काने सुरू केली, थोडी मागे घेतली आणि पलीकडचं दार आतूनच ढकलून उघडलं.

"रॉय, बस."

रॉय टिल्मन फलक खांद्यावर टाकून संपकऱ्यांच्या रांगेत उभा होता. अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या आकाशातल्या विमानांना वाट दाखवणारी ही माणसं सोमवारी पहाटे रडारसमोरच्या खुर्च्या सोडून बाहेर आली होती. कामाचे तास कमी करा, ताण सोसवत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांनी टीव्हीवरून बजावलं होतं, सरकारी नोकराला संपाचा हक्क नाही. बुधवारी सकाळी अकरापर्यंत जो परतणार नाही, त्याची नोकरी गेली.

आज बुधवार. अकराला फारसा वेळ उरला नव्हता.

"कुठे जायचंय?" रॉयने फलक बाजूला ठेवून बसता बसता विचारलं.

"आत."

रॉयचा हात दाराच्या कडीवर गेला. "डोकं फिरलंय का तुझं? सगळे बघतायत."

"बघू देत. तुझ्या पोरीचं, पॅटीचं हृदयाचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे ना? नोकरी गेली की दवाखान्याचा विमाही गेला."

"तुला कोणी सांगितलं?"

सकाळी लेनला रॉयच्या बायकोचा फोन आला होता. ती रडली नाही, भांडलीही नाही. एवढंच म्हणाली, "आमच्या स्वयंपाकघरात बसून तूच त्याला संपासाठी तयार केलंस, लेन. आता ऑपरेशन रद्द म्हणून हॉस्पिटलला तूच कळव."

"मी नाही जाणार," रॉय म्हणाला. "यांना तोंड कसं दाखवू?"

"संघटनेचा इथला प्रमुख मी आहे. मी नेतोय तुला. शिव्या घालायच्या तर मला घालतील."

"आणि तू?"

"मी या लोकांना शब्द दिलाय."

गाडी हलली. प्रमुखाची गाडी म्हणून रांग सवयीने बाजूला झाली. ती फाटकाकडे वळली तशी कोणाची तरी मूठ टपावर आदळली, काचेवर कॉफीचा ओघळ आला. गस पेट्राकिस खिडकीशी धावत आला. तो आणि लेन एकाच वर्षी नोकरीला लागले होते.

"लेन, तूसुद्धा?"

लेनने गाडी पुढे घेतली. रॉयने मान गुडघ्यांपर्यंत खाली घातली होती.

इमारतीच्या दाराशी रॉय उतरला, पण पाऊल उचलेना.

"जा बाबा," लेन म्हणाला. "आता बोलत बसू नकोस."

रॉय आत गेला. दार धरून उभा असलेला केंद्राचा साहेब खाली वाकून लेनकडे बघत होता. "तूही ये. हजेरीवर सही कर, कोणी काही विचारणार नाही."

लेनची बोटं किल्लीवर गेली. इंजिन बंद झालं. आतून रडारच्या खोलीतला ओळखीचा गार वारा दारापर्यंत येत होता. साहेबाने दार आणखी उघडलं. लेनने कपाळावरचा घाम पुसला, किल्ली पुन्हा फिरवली आणि गाडी मागे घेतली.

बाहेर कोणी ओरडलं नाही. त्याने गाडी रस्त्याकडेला लावली आणि रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहिला. शेजारचे दोघं जरा सरकले. एका गाडीतल्या रेडिओवर बातम्या चालू होत्या, मुदत संपल्याचं निवेदकाने सांगितलं. कोणीतरी रेडिओ बंद केला.

बऱ्याच वेळाने गस त्याच्याजवळ आला. त्याने सिगारेट पेटवली, पण ओढली नाही.

"रॉयच्या पोरीसाठी ना?"

लेनने मान डोलावली.

गस बंद फाटकाकडे बघत होता. "माझी बायको सोमवारपासून हेच म्हणतेय. परत जा, परत जा." सिगारेटची राख त्याच्या बुटावर पडली. "मला नाही विचारलंस तू."