दोन बोटं

आमचे हे क्रिकेटचे अंपायर. बोट मैदानावर वर होतं, तसं घरातही होतं. भाजी अळणी आहे, पडदे निळेच हवेत, पंखा दोनवरच चालेल. "निर्णय झाला," म्हणतात, की विषय संपला.

यंदा स्पर्धेच्या फायनलआधीच उन्हाने त्यांच्या नाकाची सालं निघाली. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "एसपीएफ पन्नासचं, घामाने न ओघळणारं सनस्क्रीन घ्या. निघण्याआधी दोन बोटं, मग दर दोन तासांनी पुन्हा दोन बोटं. फायनलला असेच भाजून आलात, तर अंपायरिंग बंद."

ह्यांचा चेहरा पडला. मैदान सुटलं तर हा माणूस घरात बसून झुरेल, आणि सबंध दिवस मला आउट देत राहील.

दुकानात ह्यांनी गुलाबाच्या वासाची, गोरं करणारी ट्यूब उचलली. ती परत ठेवून मी डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली घेतली. तरीही पुढच्या सराव सामन्याहून हे टोमॅटो होऊन आले.

"लावलं होतं का?"

"नियमाप्रमाणे. दोन बोटं."

त्यांनी उजवा हात पुढे केला. तर्जनी आणि मधलं बोट तुकतुकीत, बाकी सगळा माणूस भाजलेला.

"अहो, बोटांना लावलंत?"

"बोट सारखं वर असतं ना. मला वाटलं, तेच आधी भाजणार."

मी कपाळाला हात लावला. मग त्यांच्या त्याच दोन बोटांवर टोकापासून मुळापर्यंत दोन जाड रेघा ओढल्या. "एवढं नुसतं तोंडाला आणि मानेला. कान, हात वेगळे."

"एवढं? लोक हसतील."

फायनलच्या सकाळी मीच त्यांना लिंपून काढलं आणि ट्यूब घेऊन सोबत गेले. दोन तासांनी पाण्यासाठी खेळ थांबला. मी सीमारेषेवरून ट्यूब हलवली. ह्यांनी मान फिरवली. खेळाडूंसमोर तोंडाला क्रीम फासायची म्हणजे अब्रूचा प्रश्न. इकडे नाक लाल व्हायला लागलं होतं.

माझं डोकं फिरलं. मी बोट वर केलं, अगदी त्यांच्यासारखं, ताठ.

"सर," गोलंदाज म्हणाला, "तुम्ही आउट."

सगळं मैदान हसलं. हे क्षणभर तिथेच घुटमळले, मग मान खाली घालून माझ्याकडे चालत आले.

"अगं, सगळ्यांसमोर काय हे?"

"निर्णय झाला," मी म्हटलं आणि माझ्याच दोन बोटांवर दोन रेघा ओढल्या.

त्यांनी टोपी काढली आणि मुकाट्याने तोंड पुढे केलं.