पेवातली ओ

फाल्गुनातली सकाळ या गावात पिवळी उगवते. कृष्णाकाठच्या धुक्याला पिवळी झाक, अंगणातल्या तरटांवर पिवळं ऊन, आणि ऊन कलल्यावरही दगडी पायऱ्यांवर रेंगाळणारा तो तिखट, मातकट, मंगल गंध. शिजलेली हळद, वाळलेली हळद, घासून लखलखलेली हळद. हरिद्रावर्ण आकाशाखाली हरिद्रावर्ण माणसं. इथल्या नवरदेवाला वेगळी हळद कशाला लावता, असं पाहुणे थट्टेनं विचारतात.

आणि या पिवळ्या गावाच्या पायाखाली काळोख आहे. तो पेवांचा काळोख. अरुंद मुखाची, विशाल उदराची, मातीत खोल कोरलेली ही कोठारं. पुरानं बरीचशी गिळली, उरलेल्यांची जागा गोदामांनी घेतली. पायगोंडा आप्पांनी मात्र आपलं एक पेव राखलं. त्याच्या उबदार, निर्वात, निःशब्द पोटात हळद वर्षानुवर्षं निजते आणि तिला कीड लागत नाही.

पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं. कोंडलेल्या हवेला आधी बाहेर पडू द्यायचं, मग दोराला बांधून कंदील सोडायचा. ज्योत जगली तर माणूस सोडायचा. माणूस उतरला की एकानं तोंडाशी बसायचं, हातातलं सगळं टाकून, आणि सारखी हाक घालायची, "ओ दे." खालून ओ आली म्हणजे श्वास चालू आहे. आली नाही की दोर ओढायचा. आप्पांचे थोरले बंधू आण्णगोंडा याच पेवात गेले. तोंडावरचा माणूस कुणाशी तरी हसत बसला होता, बाकी काही घडलं नव्हतं.

सन्मती हा आप्पांचा एकुलता मुलगा. माडीवरची खोली त्यानं पेवासारखीच बंद करून घेतली होती. खिडक्यांना जाड फोम, फोमवर पडदे, पडद्यांवर जांभळे-हिरवे दिवे. बाहेर ऋतू येत, ऋतू जात. आत एकच निऑन ऋतू. तिथं तो संगणकावर बंदुकांचा खेळ खेळे, खेळता खेळता बोले, त्याचे व्हिडिओ करून जगाला दाखवी. जग बघत होतं. घरात पैसे येत होते, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

त्या व्हिडिओंत एक क्षण ठरलेला असे. पडद्यावर कुणी मरून पडलं की सन्मती त्याच्यावर ओणवा होई, एक डोळा मिटे आणि नाकातून गाई, "ओ दे की रं, ओ दे. देत न्हाईस? मग मेलंच की!" आणि मग ते हसू. काय सांगावं त्या हसण्याचं. ओकारीसारखं येई, ओकारीसारखं थांबता थांबत नसे. बापजाद्यांनी श्वास मोजायला ठेवलेली हाक या पोरानं मढ्यांच्या चेष्टेला विकली होती, आणि गिऱ्हाइकं रांग लावून उभी होती. किळस यावी असंच होतं ते.

आप्पांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडचा फोन बटणांचा. गल्लीतली पोरं एकमेकांना "ओ दे की रं" म्हणताना त्यांनी ऐकली होती आणि ते मनातून सुखावले होते. पेवं बुजली तरी हाक जिवंत राहिली म्हणायची, असं त्यांना वाटलं. भोळा माणूस.

बापलेकांचं एकदाच बोलणं झालं होतं, जेवताना. "बसून खेळायचं आन् वरडायचं, ह्याला काम म्हंत्यात व्हय?" आप्पांनी विचारलं. सन्मतीनं ताटातून मान वर केली नाही. "तुमची पाठ धरती, माझा घसा बसतो," तो म्हणाला. "दिवसभर बोलायचं म्हंजे सोपं हाय का? फरक काय झाला, आप्पा?" आक्कांनी, म्हणजे त्याच्या आईनं, हळद घातलेलं दूध त्याच्यापुढं ठेवलं. आप्पांनी त्या पिवळ्या पेल्याकडं पाहिलं. न्यायी माणूस होता. घसा झिजतो म्हणजे काहीतरी कष्ट असणार, हे त्यांच्या मनानं घेतलं.

म्हणून त्या फाल्गुनात, पेव उघडायच्या दिवशी, तोंडावर बसणारा म्हातारा बाबू तापानं फणफणला तेव्हा आप्पा जिना चढून वर गेले. दाराबाहेरूनच म्हणाले, "तुझं काम घशाचं. माझंबी आज घशाचंच काम हाय. येतोस?"

सन्मती आला. हातात फोन होता, मागून त्याचे दोन दोस्त होते. पेवाचा व्हिडिओ भारी होईल, एवढाच त्याचा विचार. आप्पांना मात्र मुलगा उन्हात आलेला दिसला, एवढंच त्यांनी पाहिलं. कंदील उतरला, ज्योत जगली. मग साठीतले आप्पा कमरेला दोर बांधून त्या पीत-कृष्ण गर्भात हलके हलके उतरत गेले, आणि वर निळ्या आभाळाची एक लहानशी टिकली तेवढी उरली.

"आप्पा, ओ द्या." "ओऽ." पुन्हा हाक, पुन्हा ओ. आप्पा घमेल्यानं पोत्यात हळद भरत होते आणि त्या काळोखात त्यांचा चेहरा उजळला होता. आपला मुलगा आपला श्वास राखतो आहे. आणखी काय हवं असतं माणसाला.

एवढ्यात वर दोस्तानं फोन उगारला. "आता तुझं ते म्हण की."

आणि ती खाली आली. नाकातली, गिळगिळीत, विकाऊ हाक. "ओ दे की रं, ओ दे. देत न्हाईस? मग मेलंच की!" पाठोपाठ ते हसू, आणि दोस्तांचं हसू, पेवाच्या घुमटातून फिरून फिरून आप्पांच्या अंगावर पडत राहिलेलं. आप्पांचा हात थांबला. गल्लीतली पोरं काय म्हणत होती, ते आत्ता कळलं. आण्णगोंडा इथंच, याच मातीवर पडला होता. वर असंच कुणीतरी हसत होतं. ओ जिभेवर आली होती. त्यांना ती देववेना.

वर पुन्हा तीच हाक, तेच हसू. खाली कंदील संथ जळत होता, हळद संथ निजली होती, आणि आप्पा पोत्याला टेकून गप्प बसले होते.

मग हसू विरलं. वरून कुणी दोर हिसकला, त्याला वजन नव्हतं; पोती बांधायला आप्पांनी तो कमरेचा सोडला होता. "आप्पा?" कुणीतरी म्हणालं, आणि मग किंचाळलं, "आप्पा!" त्या आवाजाला नाक नव्हतं, सूर नव्हता. लहानपणी जत्रेत हरवलेला सन्मती असं ओरडला होता, त्यानंतर आजच. पेवाच्या तोंडाशी दोन पाय लोंबले. पोरगं उतरू लागलं होतं, दोर कमरेला न बांधता.

"ओऽ," आप्पा म्हणाले. "थांब. येतोय मी."

वर आल्यावर त्यांनी हात उगारला नाही. मुलाचे गाल ओले होते. आप्पांनी पिवळा पंजा त्याच्या खांद्यावर ठेवला. "आत्ता हाक मारलीस," ते म्हणाले. "हा आवाज जप." सन्मतीनं मान हलवली. सदऱ्यावर उमटलेली पाच पिवळी बोटं घेऊन तो घरी गेला, आणि आप्पा त्या दिवशी भरल्या पोटानं जेवले.

आठवड्यानं ते दाढी करायला न्हाव्याकडं बसले. गालावर साबण होता. शेजारच्या बाकावर कुणाच्या तरी फोनमधून आवाज आला, "आप्पा!" तीच किंकाळी, तोच हंबरडा. मागं व्हायोलिन लावलेलं. शेवटी खोल काळोखातून एक "ओऽ". मग पुन्हा "ओऽ". पुन्हा पुन्हा "ओऽ", तालावर, टाळ्यांवर, नाचऱ्या अक्षरांवर. आप्पांचा श्वास दुकानभर वाजत होता आणि लोक मिटक्या मारत ऐकत होते.

घरी सन्मती आनंदात होता. "आप्पा, आजवरचा सगळ्यात चाललेला. लोक रडले बघून." मग जरा थांबून, मनापासून म्हणाला, "आता तरी काम म्हणशीला का न्हाई?"

आप्पा नळाशी गेले. चूळ भरली, थुंकली. पुन्हा भरली, पुन्हा थुंकली. आपल्याच तोंडातली ओ कुणीतरी चघळून परत तोंडात घातल्यासारखं त्यांना झालं होतं. आक्का हळदीचं दूध घेऊन उभ्या होत्या. "दे त्याला," आप्पा म्हणाले. "कामच करतोय त्यो. लई कष्टाचं काम. मला जमायचं न्हाई."

त्यानंतर फाल्गुन आले, गेले. पेव अजून उघडतं, कंदील अजून उतरतो, आप्पाही उतरतात. बाबू वरून हाक घालतो, "ओ द्या, आप्पा." खालून ओ येत नाही. आप्पा दगड घेऊन घमेल्यावर मारतात. ठण्. श्वास चालू आहे.

एकदा सन्मती आला. फोन घरी ठेवून, एकटा. बाबूला बाजूला सारून तो पेवाच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसला आणि हलक्या, खऱ्या आवाजात म्हणाला, "आप्पा, मी हाय. ओ द्या."

खाली कंदील जळत होता. हळद निजली होती. मग दगड उचलला गेला, आणि लोखंडावर पडला. ठण्. आणखी थोड्या वेळानं, ठण्.